पँटमधली माया

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस उरले होते. मागच्या खोलीत, पंख्याखाली, माझे वडील, नाना, माझी राखाडी पँट उसवत बसले होते. अर्ध्या तोडलेल्या ब्लेडनं एकेक टाका उडवायची त्यांची रीत. दोरा ओढून काढत नाहीत, कापड दुखतं म्हणतात. वय ७८, दुकान बंद करून नऊ वर्षं झाली, पण घरातल्या कोणाचा कपडा अजून बाहेरच्या शिंप्याकडे गेलेला नाही.

पँटच्या मागच्या शिवणीत शिंपी थोडं जास्तीचं कापड आत दाबून ठेवतो. त्याला माया म्हणतात. माणूस आज ना उद्या सुटणार, हे धरून ठेवलेलं कापड. या पँटची शिवण पाच वर्षांत दोनदा सैल झाली होती, ही तिसरी खेप. नानांनी शिवण उलगडली, दोन्ही कडा अंगठ्यानं चाचपल्या, खिडकीच्या उजेडात धरल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“आते माया सरनी, भाऊ.”

अमळनेरात आमच्या घरी अहिराणीच चालते, त्यामुळे वाक्य तसं रोजचंच. तरी ते लागलं, कारण आदल्याच आठवड्यात मी एक कागद खिशात घालून फिरत होतो. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीत, हिशेब बघतो. तिथं रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं आणि माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावरची साखर. डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, वजन ६८, उंची १६८ सेंटिमीटर, बीएमआय, म्हणजे वजनाला उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, २४, पंचविसाच्या आत. ते हसले. म्हणाले, ती पंचविसाची रेघ गोऱ्यांची, आपल्याला तेवीस. आणि मग पेनाचं टोपण माझ्या पोटाकडे रोखून म्हणाले, “वजन राहू द्या. अंगात चरबी किती आहे ते मोजा.”

कशानं मोजायची ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर चाळीस जण रांगेत होते.

चरबीचा आणि आमच्या गावाचा संबंध तसा जुना. १९४५ मध्ये इथं वनस्पती तूप करणारी कंपनी निघाली, तीच पुढं विप्रो झाली. ज्यांच्या आजोबांनी तेव्हाचे शेअर जपून ठेवले ते आज सुखात आहेत. आमच्या आजोबांनी शेअर घेतले नाहीत, तूप तेवढं खाल्लं असावं. असो.

बीएमआय तरी कुठून आला, म्हणून वाचायला लागलो. बेल्जियमचे केतले नावाचे गणिती होते. १८३०च्या दशकात ते ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होते, तेव्हा त्यांना वजन आणि उंचीच्या वर्गाचं हे नातं सापडलं. लठ्ठपणा त्यांच्या डोक्यातही नव्हता. त्याला बीएमआय हे नाव अमेरिकेतल्या अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, सरासरी मापाचा शर्ट रेडीमेडच्या दुकानात मिळतो, आणि मग लोक तो माझ्याकडे आणतात.

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिला फोनवर कागदाचं सांगितलं आणि तीन दिवसांत घरी खोकं आलं. काचेचा चपटा वजनकाटा, वर धातूच्या चार पट्ट्या, फोनला जोडला जाणारा. किंमत चौदाशे. अनवाणी उभं राहायचं, की वजन, चरबी, स्नायू, हाडं, पाणी, सगळं फोनवर. शेवटी ‘शरीराचं वय’ असाही एक रकाना होता. माझं त्यानं ५४ काढलं. मी ४८चा आहे.

आखाजीला बहीण आणि मेहुणे आले. बाहेर ४४ डिग्री, अंगणात झोका, आत आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे. जेवणं झाल्यावर काट्यावर चढायची रांगच लागली. लग्नात फोटोला लागते तशी. नानांना चढवलं तर नुसतं वजन आलं, चरबीच्या जागी तीन आडव्या रेघा. त्यांच्या टाचा उन्हाळ्यात भेगाळतात, कातडी कडक. बहिणीनं ओल्या फडक्यानं तळवे पुसले, मग आकडा आला. मेहुणे चप्पल काढून पाऊल टाकणार तेवढ्यात बायको आतून ओरडली. ती घरात एकटीच अशी, जी सोबत आलेली पुस्तिका वाचते. मेहुण्यांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, आणि पुस्तिकेत पहिल्याच पानावर होतं की पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी यावर उभं राहू नये. यंत्र अंगातून वीज सोडतं. अगदी बारीक, आपल्याला कळणारही नाही इतकी, पण सोडतं. मेहुणे निमूट झोक्यावर जाऊन बसले.

वीज सोडतं म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे यंत्र मी वीस वर्षं रोज बघतोय की!

जिनिंगला कापूस येतो तेव्हा त्याचा ओलावा बघतात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीला आठ टक्के ओलावा धरतात, बारापर्यंत भाव कापून घेतात, त्यापुढं गाडी परत. ओलावा बघायचं मीटर म्हणजे दोन टोकं, कापसाच्या ढिगात खुपसायची. कोरडा कापूस विजेला अडवतो, ओला जाऊ देतो. मीटर किती अडलं तेवढंच मोजतं आणि त्यावरून ओलाव्याचा आकडा सांगतं. आता त्यात गंमत अशी की कापूस सैल असला तर एक आकडा, मुठीनं दाबून धरला तर दुसरा. ढिगाच्या वर एक, तळाशी तिसरा. शेतकरी सकाळच्या दवात गाडी आणायचं टाळतो आणि व्यापारी नेमका तळातला कापूस काढतो. त्या मीटरपायी झालेली भांडणं मी एवढी पाहिली आहेत की त्याच्यावर एक वहीच होईल.

काचेचा काटा म्हणजे तेच मीटर. फक्त ढिगाच्या जागी मी. स्नायूंमध्ये पाणी आणि क्षार भरपूर, त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, ती अडवते. यंत्राला कळतं ते फक्त अडणं. चरबी त्यानं पाहिलेली नसते. अडणं, वजन, उंची, वय आणि बाई की पुरुष, एवढं एका सूत्रात घालून ते चरबीचा अंदाज बांधतं. आणि वीज जाते कुठून? एका पायातून वर, दुसऱ्या पायातून खाली. पोटाशी तिची गाठ जेमतेम पडते. माझा सगळा माल पोटात, आणि हा झडती घेतोय पायांची! हातात धरायची दांडी असलेले काटे येतात, ते हातांतूनही वीज नेतात, म्हणून बरे. पण ते कितीतरी महाग.

मग मी जिनिंगवाल्याच्या खोडीनं त्याला छळायला लागलो. सकाळी उठल्या उठल्या २५.९. संध्याकाळी कामावरून आल्यावर २२.४. दिवसभर उभं राहून, बसून पाणी पायांकडे उतरतं, पायांतून वीज सुखानं जाते, यंत्राला वाटतं माणूस बारीक झाला. घाम गाळून आल्यावर आकडा आणखी वेगळा. एका रात्री फोनमध्ये माझं वय २५ घातलं आणि पुन्हा उभा राहिलो. चरबी जवळजवळ तीन टक्क्यांनी उतरली. तोच मी, तोच काटा, पोटात तीच शेवभाजी. त्या क्षणी मला तो काटा फार आवडला, पण त्याच्यावरचा विश्वास गेला.

मुलीला म्हटलं, मग खरं मोजतात कशानं? ती म्हणाली, डेक्सा. आडवं झोपायचं, अंगातून दोन वेगळ्या ताकदीचे क्ष-किरण जातात, हाड, चरबी आणि बाकीचं मांस वेगळं दिसतं. तिनं पुण्यात चौकशी केली, एका वेळचे अडीच-तीन हजार सांगितले. शिवाय जाणं-येणं. एकदा मोजून मला काय करायचंय? मला दर महिन्याला कळायला हवं की शिवण आत चालली आहे की बाहेर.

त्याआधीची पद्धत पाण्यातली होती, आणि ती मला डेक्साहून जास्त पटली, कारण ती मी विहिरीत अनुभवली आहे. आमच्या पिढीला पोहायला शिकवलं ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. एक दिवस डबा सोडायचा. मी काटकुळा, सरळ तळाकडे. आणि किराणा दुकानदाराचा गुबगुबीत पोरगा काहीही न करता उताणा तरंगायचा, वर आमच्याकडे बघून हसायचा. आम्हाला वाटायचं, त्याला कोणी मंत्र दिलाय. मंत्र चरबीचा होता. चरबीची घनता पाण्याहून कमी, साधारण ०.९. बाकी अंगाची १.१च्या आसपास. माणसाला पाण्याखाली बुडवून वजन केलं की दोन्हींचं प्रमाण काढता येतं. त्याचं सूत्र ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते विल्यम सिरी, कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ, १९५४ मध्ये मकालू शिखरावर मोहीम घेऊन आले होते. ४९५ला घनतेनं भागा आणि ४५० वजा करा. घनता १.१ घातली की उत्तर शून्य, ०.९ घातली की शंभर. हिशेबनीस माणसाला असं सूत्र बघून बरं वाटतं.

पण विहिरीत बुडवून वजन कोण करणार. आमची विहीर तर आता उन्हाळ्यात कोरडीच असते.

फोनवर बोलता बोलता मुलीनंच पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. मधुमेहावर त्यांचं केईएम रुग्णालयात मोठं काम आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपला दोघांचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सानं चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. गोरे डॉक्टर मॅरेथॉन पळणारे. आपले डॉक्टर म्हणतात, माझा व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. आणि जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं, हेही त्यांनी तिथं नोंदवलं आहे. आपल्याकडे बाळ बारीक जन्मतं, पण त्या बारीक अंगातही चरबी वाचवून ठेवलेली असते, यावर त्यांचा अभ्यास आहे. मला ते ऐकून एकदम नानांची शिवण आठवली. वरून पँट ३०ची, आत माया दाबलेली.

आता मी चिमटा मागवला. इंग्रजीत कॅलिपर म्हणतात तो, प्लास्टिकचा, २२० रुपयांचा. कातडी चिमटीत धरायची, तिच्याखाली जी चरबीची घडी येते तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. जॅक्सन आणि पोलॉक यांनी १९७८ मध्ये पुरुषांसाठी तीन जागा धरून सूत्र दिलं: छाती, पोट, मांडी. तिन्हींची बेरीज आणि वय घातलं की घनता, आणि घनतेवरून पुन्हा सिरी. बायकांच्या जागा वेगळ्या. त्याहून जुनी चार जागांची पद्धत आहे, तिच्यात एक जागा खांद्याच्या फऱ्याखाली, म्हणजे स्वतःचा हात पोचण्याचा प्रश्नच नाही.

पोटाची जागा बेंबीच्या बाजूला. आरशासमोर उभं राहून मी तीनदा मोजलं. २२, ३१, २७. बायकोला सांगितलं, तिनं एवढ्या जोरात धरलं की मोजायचं राहूनच गेलं. नाना दारातून बघत होते. बराच वेळ त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून आले आणि चिमटा हातातून काढून घेतला.

पन्नास वर्षं या माणसानं गिऱ्हाइकाच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून “इथं अर्धा इंच आत घेऊ” म्हटलेलं आहे. त्यांची ती चिमूट बघायला हवी. अंगठा आणि तर्जनी, बाकीची तीन बोटं मोरपिसासारखी बाजूला. धरलं तर दुखत नाही आणि सुटतही नाही. कातडी किंचित उचलली, आतल्या मांसाला सोडून फक्त वरची घडी बोटात घेतली, बोटांच्या खाली एक सेंटिमीटरवर चिमटा लावला, आणि क्षणभर थांबून वाचलं. ३०. सोडलं. पुन्हा. ३०. पुन्हा. ३१. छाती १६, मांडी १८. मी वाचलं होतं की उजवी बाजू मोजावी आणि चिमटा लावल्यावर दोन सेकंदांत वाचावं, फार वेळ ठेवला तर घडी दबते. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. सुती कापडही दाबून धरलं तर दबतंच की.

बेरीज ६४, वय ४८. उत्तर २१ टक्के.

मी खूष झालो. सगळ्यात कमी आकडा तोच होता. पण खूष होण्यात फार अर्थ नव्हता, हे रात्री लक्षात आलं. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवती, यकृताभोवती बसलेली, जी साखरेला जास्त त्रास देते ती, कोणाच्याच चिमटीत येत नाही. नानांच्याही नाही. माझं पोट हाताला तसं कडकच लागतं, मी ते स्नायूंचं लक्षण समजत होतो.

मग राहिला टेप. ज्याच्यावर आमचं घर चाललं, माझं कॉलेज झालं, बहिणीचं लग्न झालं, तो शिंप्याचा टेप. तो मला सगळ्यात शेवटी सुचला.

अमेरिकी नौदलाला आपल्या माणसांची चरबी झटपट मोजायची होती. जहाजावर पाण्याच्या टाक्या आणि यंत्रं कुठं न्यायची? सॅन दिएगोच्या त्यांच्या संशोधन केंद्रातल्या हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये नुसत्या टेपवर चालणारं सूत्र काढलं. पुरुषांसाठी दोनच मापं: बेंबीवरून पोट आणि गळा. पोटातून गळा वजा करायचा, उंची घालायची, पुढं लॉगरिदमची आकडेमोड. बायकांसाठी गळा, कंबर आणि सीट. तीन-चार टक्क्यांचा फरक धरायचाच, पण खर्च टेपचा.

गळा आणि कंबर! मी वाचता वाचता उठलो आणि माळ्यावरची मापाची वही काढली.

दुकानाच्या सगळ्या वह्या नानांनी ठेवल्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. १९९९च्या वहीत, एप्रिलच्या पानावर, माझ्या लग्नाचा सफारी. छाती ३४, कंबर ३०, सीट ३५, गळा साडेचौदा, पुढं तीरा, बाही, मोहरी. स्वतःच्या मुलाचं माप त्यांनी गिऱ्हाइकासारखंच लिहिलं होतं, फक्त ‘अॅडव्हान्स’च्या रकान्यात रेघ. मी इंचांचे सेंटिमीटर केले, एक्सेलमध्ये सूत्र घातलं. बाविसाव्या वर्षी माझी चरबी १२ टक्के निघाली.

नानांना दाखवलं तर त्यांनी लगेच खोट काढली. वहीतला गळा कॉलरचा आहे, त्यात बोटभर सैल धरलेला. आणि कंबर पँट जिथं बसते तिथली. तेव्हा बेंबी आणि पँट यांच्यात फार अंतर नव्हतं, म्हणून हिशेब जमला. आता नाही जमणार. “तुझी पँट ३६ची आहे म्हणून तुझी कंबर ३६ आहे असं तुला वाटतं,” ते म्हणाले. हे मात्र साध्या मराठीत. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसं. पोट वाढतं तशी पँट खाली सरकते, आणि पट्ट्याचं भोक तेच राहतं. माणूस खूष, शिंपी गप्प.

त्यांनी स्वतःचा जुना टेपही वापरू दिला नाही. कापड मोजायचा लोखंडी मीटर काढला आणि टेप त्याच्यावर अंथरला. शंभराची खूण मीटरच्या टोकापलीकडे बोटाएवढी गेली. टेप वर्षानुवर्षं ओढून लांबतो आणि मग पोट कमी दाखवतो. तीस रुपयांचा नवा आणला, तोही आधी मीटरवर घालून तपासला, मग माझ्याभोवती गुंडाळला. शर्ट वर. टेप बेंबीवर, मागून पुढून एका पातळीत. मी सवयीनं श्वास आत घेतला.

“पोट सोड. मी काय तुन्हं लगीन जमाडी राहिनू का?”

सोडलं. ९७. गळा ३८. उंची १६८. नौदलाच्या हिशेबानं २६.६ टक्के.

अमेरिकी खलाशांवरून काढलेलं सूत्र खुर्चीवर बसणाऱ्या खान्देशी माणसाला कितपत लागू पडेल, हा प्रश्न उरतोच. म्हणून अजून एक साधं सूत्र लावलं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय केंद्रातल्या वूलकॉट आणि बर्गमन यांनी २०१८ मध्ये मांडलेलं. उंचीला कमरेनं भागा, वीसनं गुणा, पुरुष असेल तर ६४मधून आणि बाई असेल तर ७६मधून वजा करा. झालं. लॉग नाही, वजन नाही, पाटीवरच्या हिशेबाइतकं सोपं. माझं उत्तर २९.४. बायकोचं उत्तर इथं लिहायचं नाही असं तिनं बजावलं आहे.

तर एकाच माणसाचे आकडे असे: काटा २२ ते २६, चिमटा २१, नौदल २६.६, शेवटचं सूत्र २९.४. पुरुषाची चरबी पंचविसाच्या वर गेली की ती जास्त धरतात. म्हणजे मी निवडेन तसा निरोगी किंवा आजारी. दोन दिवस मी खरं कोणतं याच्या मागं लागलो होतो. मग जिनिंगमध्ये गाडीवर दोन मीटरांचे दोन आकडे आल्यावर आम्ही काय करतो ते आठवलं. एका मीटरवर बोट ठेवतो आणि हंगामभर तेच वापरतो. मीटर बदलला की कालच्या गाडीशी आजची गाडी ताडून बघता येत नाही.

मी टेपवर बोट ठेवलं. स्वस्त आहे म्हणून ठेवलं हे तर आहेच. पण आमच्यासारख्यांची चरबी जिथं जाऊन बसते तिथंच तो जातो, हे मोठं कारण. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही कमरेची रेघ डॉक्टर सांगतात. तेवढंही लक्षात राहत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, म्हणजे मला ८४. यासाठी टेपसुद्धा लागत नाही. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, दुहेरी करा, पोटाभोवती टोकं भिडतात का बघा. माझी टोकं भिडायला वीतभर कमी नाही पडली, पण तेरा सेंटिमीटर पडली. डॉक्टर कंबर मोजतात ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर. मी नौदलाच्या सवयीनं बेंबीवर मोजतो. दोन्हींत थोडा फरक येतो, जागा तेवढी बदलायची नाही.

काटा टाकून दिलेला नाही. तो वजनाला उत्तम आहे आणि बायको त्यावर पिठाचा डबाही ठेवते. चरबी बघायचीच झाली तर सकाळी, पोट रिकामं, तळवे पुसून, रोज त्याच वेळी, आणि एका दिवसाचा आकडा न धरता आठवड्याची सरासरी. चिमटा मात्र मी कोणाला घ्या म्हणणार नाही, घरात शिंपी असल्याशिवाय.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी, नाना मोजतात. संध्याकाळी जिनिंगमधून बोरी नदीच्या पुलापर्यंत चालत जातो आणि परत येतो. वरण-बट्टी सोडलेली नाही, बट्टी तुपात बुडवायची सोडली आहे. डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त बघतो म्हणाले आहेत.

श्रावणात कानबाईचे रोट झाले, त्याच्या पुढच्या रविवारी टेप ९४.५ वर आला. वजन ६७. तीन महिन्यांत एक किलो, म्हणजे काहीच नाही म्हणावं असं. काचेच्या काट्यानं त्या दिवशी चरबी २६.३ दाखवली. त्याच्या मते मी वाढलो होतो. नानांनी टेप पुन्हा एकदा फिरवला, अंगठा खुणेवर ठेवून खिडकीशी नेला, वाचला आणि वही मागितली. १९९९चीच वही. माझ्या सफारीच्या मापाखाली जागा रिकामी होती. तिथं त्यांनी शिसपेन्सिलीनं ‘कंबर’ लिहून पुढं ९४.५ घातले, कंसात इंच, आणि तारीख टाकायला वही माझ्याकडे सरकवली.

राखाडी पँट खुंटीला होती. कमरेला दोन बोटं जातील एवढी सैल. मी ती काढून त्यांच्यापुढं ठेवली, म्हटलं, नाना, आता आत घेता का?

त्यांनी ती हातातही घेतली नाही. टेप गुंडाळून डब्यात ठेवला.

“दिवाई जाऊ दे. मंग दखू.”